निम्मं पान: शिरोलीच्या फाउंड्रीतल्या तुटणाऱ्या कनेक्शनचा माग

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक मध्यम आकाराची फाउंड्री, म्हणजे ओतकामाचा कारखाना. माल तयार झाल्यापासून गाडी गेटबाहेर पडेपर्यंतचं सगळं काम एका वेब पोर्टलवर चालतं: हीट नंबरनुसार (भट्टीतल्या एकेका घाण्याच्या क्रमांकानुसार) तयार मालाची यादी, तपासणीचे फोटो, डिलिव्हरी चलन, गेटपास, वजनकाट्याचा आकडा. पोर्टलचा सर्व्हर मुंबईतल्या एका डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेला. वर लिनक्स, दाराशी विनंत्या घेऊन उत्तरं पाठवणारा एन्जिनएक्स हा वेब सर्व्हर, मागे पीएचपी आणि डेटाबेस. कंपनीचं विक्री ऑफिस शाहूपुरीत आहे, आणि पुण्याचे काही ग्राहकही याच पोर्टलवर आपला माल कुठवर आलाय ते बघतात.

तक्रार आली ती फक्त शिरोलीतून. डिस्पॅच बघणाऱ्या काकांच्या शब्दांत: "पेज निम्मंच येतंय बघा. वर कंपनीचं नाव येतंय, खाली नुसतं गोल गोल फिरतंय. चार वेळा रिफ्रेश मारलं की कधी येतंय, कधी न्हाई. गाडी लोड होऊन उभी असती आणि चलन निघत न्हाई." ब्राउझर कधी वेळ संपल्याचा संदेश द्यायचा, कधी कनेक्शन तोडलं गेल्याचा. क्रोम असो वा फायरफॉक्स, हाल सारखेच.

मालकांचा निष्कर्ष तयार होता. "यूट्यूब सुसाट पळतंय, मेल जातंय, टॅली चालतंय. मग नेटला काय धाड भरलीय? सर्व्हरच गंडलाय तुमचा." पोर्टल लिहिणारा मुलगा शाहूपुरीच्या ऑफिसात बसतो. त्याचं म्हणणं नेमकं उलटं. त्याच्याकडे एन्जिनएक्सचा लॉग (प्रत्येक विनंतीची नोंदवही) होता आणि त्यात शिरोलीच्या प्रत्येक विनंतीपुढे ठसठशीत २०० लिहिलं होतं, म्हणजे उत्तर नीट दिलं. इंटरनेट पुरवणाऱ्याच्या हेल्पलाइनने पिंग करून, म्हणजे सर्व्हरला नुसती हाक मारून बघून, तिसरंच सांगितलं: "तुमचा सर्व्हर पिंगलाच उत्तर देत नाही, तो बंद असणार." मला बोलावलं तेव्हा तिघेही आपापल्या जागी पुराव्यानिशी ठाम होते, आणि गंमत म्हणजे तिघांचे पुरावे खरे होते.

त्याआधी पोर्टलवाल्या मुलाने दोन गोष्टी करून पाहिल्या होत्या. सर्व्हरची मेमरी वाढवली, आणि एन्जिनएक्सचा कीप-अलाइव्हचा अवधी बदलून पाहिला. दुसऱ्यामागे विचार होता. ब्राउझर एकदा जोडलेलं कनेक्शन लगेच सोडत नाही, पुढच्या विनंतीसाठी राखून ठेवतो. सर्व्हर मात्र ठरावीक वेळ वाट बघून ते बंद करतो. एन्जिनएक्समध्ये हा अवधी मुळात ७५ सेकंदांचा असतो, अपाची या दुसऱ्या वेब सर्व्हरमध्ये तर अवघा ५ सेकंदांचा. सर्व्हरने कनेक्शन बंद करायची आणि ब्राउझरने त्यावर नवी विनंती पाठवायची वेळ एकच आली, तर विनंती मेलेल्या कनेक्शनवर जाते आणि रिसेट, म्हणजे कनेक्शन तोडल्याचा संदेश, परत येतो. कनेक्शन तुटण्याचं हे कारण सर्रास सापडतं, म्हणून संशय रास्त होता. पण त्यात बिघाड येतो तो काही वेळ शांत बसल्यावर. शिरोलीत सकाळी मशीन सुरू करून पहिल्यांदा पोर्टल उघडतानाच अडकत होतं, किंबहुना तेव्हाच जास्त. तिथे राखून ठेवलेलं कनेक्शनच नसतं. तो मुद्दा मी तिथेच बाजूला ठेवला.

मी काकांना तीन साधे प्रयोग करायला सांगितले. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर तोच लॅपटॉप जोडला तर? पोर्टल पळतं. फोटो चढवला तर? बऱ्याचदा चढतो. आणि यादी? "फोटो जातोय वो, यादी येत न्हाई." हे वाक्य मी वहीत लिहून घेतलं, कारण उलटं ऐकायची सवय असते. आपल्याकडच्या लाइनींवर पाठवण्याचा वेग कमी असतो, त्यामुळे अडकतं ते चढवताना. इथे जड वस्तू वर जात होती आणि खाली येताना मध्येच गायब होत होती. शिवाय लहान उत्तरं यायची, मोठी यायची नाहीत. लहान-मोठं असा भेद दिसला की माझा पहिला संशय एमटीयूवर जातो, म्हणजे त्या वाटेवरून एका वेळी जास्तीत जास्त किती बाइटचं पॅकेट (माहितीचं पुडकं) जाऊ शकतं त्यावर.

नव्याने काय बदललं, हा प्रश्न विचारला की "काहीच नाही" हे उत्तर ठरलेलं असतं. म्हणून मी तो विचारत नाही. सर्व्हर रूममध्ये जाऊन कुठल्या डब्यावर धूळ नाही ते बघतो. राउटर चकचकीत होता. मेमध्ये वळवाच्या पावसात वीज कडाडली आणि जुना राउटर जळाला, तेव्हा घाईघाईने हा आणून लावलेला. त्याला दोन लाइनी जोडलेल्या. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि पुन्हा २०२१ च्या जुलैमध्ये पंचगंगेचं पाणी पुणे-बेंगळुरू महामार्गावर आलं, वाहतूक ठप्प झाली, त्यानंतर मालकांनी फायबरच्या जोडीला एक रेडिओ लिंक घेतली होती. जुन्या राउटरवर रेडिओ लिंक फक्त राखीव होती; फायबर गेली तरच ती चालू व्हायची. नव्यावर दोन्ही एकदम चालू होत्या आणि प्रत्येक नवं कनेक्शन आळीपाळीने एकेका लाइनीवर वाटलं जात होतं. डब्यातून काढला तसा लावला, की असंच होतं.

निम्म्या पानाचं कोडं इथे अर्धं सुटलं. हे पोर्टल एचटीटीपी १.१ वर, म्हणजे ब्राउझर-सर्व्हरच्या बोलण्याच्या जुन्या पद्धतीवर, चालतं, आणि त्यात ब्राउझर एका सर्व्हरशी एकाच वेळी सहापर्यंत कनेक्शनं जोडतो. त्यातली काही फायबरवरून, काही रेडिओवरून. एक लाइन आजारी असेल तर पानाचा काही भाग येणार, काही अडकणार. एचटीटीपी २ असतं तर सगळं एकाच कनेक्शनवरून आलं असतं, आणि पान एक तर पूर्ण आलं असतं किंवा मुळीच नाही. तक्रार जास्त कडक झाली असती, पण शोध सोपा झाला असता.

रेडिओची वायर काढली: पोर्टल जवळजवळ बंदच. ती लावून फायबरची काढली: सगळं लख्ख. म्हणजे आजार फायबरच्या बाजूला. ही लाइन पीपीपीओईवर चालते, म्हणजे राउटर नाव आणि पासवर्ड देऊन सेवा देणाऱ्याशी जोडला जातो. त्या पद्धतीत प्रत्येक पॅकेटच्या आत ८ बाइट तिच्या स्वतःच्या खुणांसाठी खर्च होतात. इथरनेटच्या १५०० तून ते वजा केले की उरतात १४९२. विंडोजच्या पिंगला पॅकेटचा आकार आणि "तुकडे करू नको" ही सूचना दोन्ही देता येतात. बाहेरच्या एका पत्त्याला १४६४ बाइटचा मजकूर पाठवला, तो गेला. १४६५ चा अडला. मजकुरावर २८ बाइट शीर्षकांचे धरले की बरोबर १४९२. पोर्टलच्या सर्व्हरवर हीच चाचणी करता येत नव्हती, कारण तो पिंगला उत्तरच देत नव्हता. हेल्पलाइनवाल्याची तक्रार तेवढ्यापुरती बरोबर होती. सर्व्हर पिंगला गप्प का, हा प्रश्न मी मनात बाजूला काढून ठेवला.

लाइनीचा एमटीयू १४९२ असणं हा काही दोष नव्हे; अशा लाखो लाइनी सुखाने चालतात. त्या चालतात दोन आधारांवर. पहिला आधार राउटरचा. कनेक्शन जुळताना दोन्ही टोकं एकमेकांना आपण एका पॅकेटात किती मजकूर घेऊ शकतो ते सांगतात. त्याला एमएसएस म्हणतात आणि १५०० च्या इथरनेटवर तो १४६० असतो. पीपीपीओईचा शहाणा राउटर हा आकडा जाता-जाता खोडून १४५२ करतो, म्हणजे समोरचा सर्व्हर मुळातच लहान पॅकेट बनवतो. दुसरा आधार आयसीएमपीचा, म्हणजे वाटेतली अडचण कळवणाऱ्या छोट्या संदेशांचा; पिंगही त्याच जातीचं. पॅकेट मोठं ठरलं तर वाटेतला राउटर ते टाकून देतो आणि पाठवणाऱ्याला कळवतो: पॅकेट बसत नाही, १४९२ चं पाठव. पद्धत १९९० पासून लिहून ठेवलेली आहे. गाडी कमानीला अडली तर वॉचमनने गोदामाला फोन करून उंची कमी करायला सांगावी, तसलाच हा प्रकार. फक्त गोदामात कुणीतरी फोन उचलला पाहिजे.

आता दोन्ही टोकांना एकाच वेळी पॅकेट टिपायची होती. काकांच्या मशीनवर वायरशार्क, सर्व्हरवर टीसीपीडम्प. दोन्हींची घड्याळं आधी जुळवून घेतली. दोन टिपणांतलं एकच कनेक्शन ओळखायला पोर्ट नंबर उपयोगी पडत नाही, वाटेत राउटर तो बदलतो. टीसीपीचा (पॅकेटं क्रमाने पोहोचवून त्यांची पोच घेणाऱ्या पद्धतीचा) मूळ अनुक्रमांक मात्र या राउटरमधून जसाच्या तसा जात होता. वायरशार्क तो शून्यापासून मोजून दाखवतो, ती सोय बंद केली की खरा आकडा दिसतो आणि जोड्या लागतात. आणखी एक: सर्व्हरवरच्या टिपणात २९२० किंवा त्याहून मोठे तुकडे दिसले तर दचकू नये. आधुनिक नेटवर्क कार्ड तुकडे करायचं काम स्वतःकडे घेतं, आणि टीसीपीडम्प बघतो ते त्याआधीचं चित्र.

फायबरवरच्या एका अडकलेल्या कनेक्शनची कथा दोन्हीकडून वाचली. काकांच्या मशीनवरून पहिलं पॅकेट निघालं तेव्हा एमएसएस १४६०. सर्व्हरला पोहोचलं तेव्हाही १४६०. वाटेत तो १४५२ व्हायला हवा होता. पहिला आधार निखळला होता. नव्या राउटरवर ती सोय होती, पण बंद. पुढे ब्राउझरचा टीएलएसचा, म्हणजे बोलणं कुलूपबंद करणाऱ्या पद्धतीचा, नमस्कार गेला आणि सर्व्हरने उत्तरात आपली ओळख पटवणारं प्रमाणपत्र पाठवलं. प्रमाणपत्रांची साखळी काही हजार बाइटची, म्हणजे दोन पूर्ण भरलेली पॅकेटं आणि एक शेपूट. शिरोलीत पोहोचलं फक्त शेपूट. वायरशार्कने प्रामाणिकपणे लिहिलं की आधीचा भाग दिसला नाही. काकांचं मशीन पुन्हा पुन्हा त्या भागाची मागणी करत राहिलं. मुंबईत सर्व्हर तेच १५०० बाइटचं पॅकेट पुन्हा पाठवत होता. दर वेळी मधला अवधी दुप्पट करत आणि आकार तसूभरही कमी न करता.

सकाळीच जास्त का अडकायचं, तेही इथेच कळलं. एकदा ओळख पटली की टीएलएस ब्राउझरला एक तिकीट देतं, आणि पुढच्या वेळी त्या तिकिटावर प्रमाणपत्राशिवाय काम भागतं. दिवसभरात एखादं कनेक्शन रेडिओवरून जुळायचं, तिकीट हाती यायचं, आणि मग फायबरवरूनही नमस्कार-चमत्कार सुखरूप पार पडायचे. फोटोही वर जायचा: त्या दिशेला अडवणारा राउटर ऑफिसातच होता आणि त्याचा आयसीएमपी संदेश विंडोजला व्यवस्थित मिळत होता. "जतन झालं" हे उत्तर दोनशे-तीनशे बाइटचं, तेही यायचं. यादी मागितली की मात्र पहिलंच भरलेलं पॅकेट वाटेत गडप.

आणि लॉगमधलं ते २००? एन्जिनएक्सने यादी तयार करून कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, टाकली की त्याच्या दृष्टीने ती पाठवून झाली. ती तिथे मावण्याइतकीच होती. पलीकडे पोहोचली की नाही, हा हिशेब टीसीपीचा. एन्जिनएक्सच्या लॉगमध्ये तो येत नाही. सर्व्हरवर चालू कनेक्शनांची यादी काढली तेव्हा शिरोलीच्या फायबरच्या पत्त्याची कनेक्शनं फिन-वेट-वन या अवस्थेत साचलेली दिसली. सर्व्हरने आपल्या बाजूने बंद केलेली, पण न पोहोचलेला मजकूर अजून खांद्यावर घेऊन उभी असलेली. लॉगपेक्षा ही यादी बोलकी होती. पोर्टलवाल्या मुलाला मी तीच दाखवली, आणि तो बराच वेळ काही बोलला नाही.

राहिला दुसरा आधार. सेवा देणाऱ्याचं उपकरण "१४९२ चं पाठव" असं सर्व्हरला कळवत नव्हतं का? पहिल्या टिपणात तसं काही दिसलं नाही, पण त्यात मी फक्त ४४३ पोर्टची, म्हणजे सुरक्षित वेबच्या दाराची, टीसीपी पॅकेटं मागितली होती. गाळणी सैल करून आयसीएमपीही टिपलं, आणि ते तिथे होतं. प्रकार ३, कोड ४, म्हणजेच "पॅकेट मोठं आहे", आत आकडा १४९२. मोठं पॅकेट गेलं की लगोलग संदेश परत आलेला. सर्व्हरपर्यंत पोहोचलेला आणि तरीही सर्व्हरला न ऐकू आलेला. टीसीपीडम्प पॅकेट बघतो ते फायरवॉलच्या, म्हणजे आत काय घ्यायचं ते ठरवणाऱ्या पहारेकऱ्याच्या, आधी. म्हणजे मारेकरी फायरवॉल.

फायरवॉलची फाइल उघडली. दोनेक वर्षांपूर्वी कुणीतरी "सर्व्हर सुरक्षित करा" म्हणून नियम टाकून दिले होते. पहिलीच ओळ: आलेलं सगळं आयसीएमपी टाकून द्या. तिच्या खाली, चालू कनेक्शनांशी संबंधित पॅकेटं आत घ्या, अशी ओळ. लिनक्सचा फायरवॉल "पॅकेट मोठं आहे" हा संदेश त्या-त्या कनेक्शनशी संबंधित मानतो, त्यामुळे हे दोन नियम उलट्या क्रमाने असते तर संदेश आत आला असता आणि नुसते पिंग बाहेर राहिले असते. वरची ओळ आधी लागू झाली आणि खालची त्या संदेशापर्यंत पोहोचलीच नाही. सर्व्हर पिंगला गप्प होता तोही याच ओळीमुळे. पिंग बंद केल्याने सर्व्हर लपतो ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. ज्याची ४४३ पोर्ट जगाला उघडी आहे त्याने लपायचं तरी कशामागे?

म्हणजे सर्व्हरवरची चूक दोन वर्षं तिथेच होती. जुना राउटर एमएसएस कापत होता म्हणून ती कधी उघडी पडली नाही. राउटर जळला आणि तिचं पांघरूण गेलं. यूट्यूब का पळत होतं, हे मालकांना सांगणं त्यामुळे सोपं गेलं. तिथली बरीच वाहतूक क्विकवरून, म्हणजे टीसीपीऐवजी यूडीपी या वेगळ्या पद्धतीवरून होते, आणि तिचा नमस्कारच मुळी १२०० बाइटच्या आसपासचा असतो. बाकीच्या साइटी आयसीएमपीचं ऐकतात. अख्ख्या इंटरनेटवर शिरोलीला नेमका आपलाच सर्व्हर बहिरा भेटला होता.

दुरुस्ती दोन्हीकडे करायची होती, पण एकदम नाही. आधी फक्त सर्व्हर: ती ओळ खाली नेली, आणि "पॅकेट मोठं आहे" या संदेशासाठी वेगळी परवानगीची ओळ वर घातली. आयपीव्ही६ च्या, म्हणजे इंटरनेटच्या नव्या पत्तापद्धतीच्या, नियमांतही तसाच संदेश मोकळा केला. तिथे तो आणखी गरजेचा आहे, कारण आयपीव्ही६ मध्ये वाटेतला राउटर पॅकेटचे तुकडे करतच नाही. पुन्हा टिपण. पहिलं १५०० चं पॅकेट गेलं, संदेश आला, सर्व्हरने त्याच क्षणी १४५२ बाइट मजकुराची पॅकेटं काढली. यादी आली. काका म्हणाले, "आता पळतंय." मग सर्व्हर मुद्दाम पूर्वीसारखा केला आणि राउटरवर फायबरच्या लाइनीसाठी एमएसएस कापायची सोय चालू केली. सर्व्हरपर्यंत पोहोचणारा आकडा १४६० चा १४५२ झाला आणि यादी पहिल्याच फटक्यात आली. दोन्ही उपाय एकेकटे पुरतात हे सिद्ध झाल्यावर दोन्ही ठेवले. राउटर शिरोलीचा बरा झाला, पण पुण्यातल्या एखाद्या ग्राहकाकडेही असाच डब्यातून काढलेला राउटर असू शकतो, म्हणून सर्व्हरचा उपाय मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यावर तिसरा टेकू म्हणून लिनक्समधली एमटीयू चाचपण्याची सेटिंग ० ची १ केली. संदेश कुठेच पोहोचला नाही तरी काही प्रयत्न फसल्यावर सर्व्हर स्वतःहून लहान पॅकेट पाठवून बघतो. वेळ जातो, पण पान येतं.

दोन्ही लाइनी एकदम वापरायच्या की एक राखीव ठेवायची, यावर मालकांशी थोडी हुज्जत झाली. "पैशे दोन्हीचे भरतोय की." शेवटी फायबर मुख्य आणि रेडिओ राखीव, असं जुनंच ठरलं. महिन्यातून एकदा फायबरची वायर काढून रेडिओ खरंच चालते का बघायचं काम इलेक्ट्रिशियनकडे दिलं.

एक तक्रार तरीही उरली. गेटवरच्या टॅबलेटवर वजनकाट्याचा आकडा जिवंत दिसतो. गाडी नसताना मिनिटभर गेलं की तो गोठायचा. आधी तोही याच खात्यावर टाकला होता, पण फायबर-रेडिओ काहीही केलं तरी तो गोठायचा नेमका ६० सेकंदांनी. इतका गोल आकडा दिसला की वाटेतल्या पॅकेटांमागे जायचं नाही, कुठल्या तरी सेटिंगमागे जायचं. हा पडदा वेबसॉकेटवर, म्हणजे सतत उघड्या ठेवलेल्या कनेक्शनवर, चालतो, आणि मागच्या प्रोग्रामकडून ६० सेकंद काहीच आलं नाही तर एन्जिनएक्स कनेक्शन बंद करतो. मुळातला अवधी तेवढाच आहे. पोर्टलवाल्या मुलाने प्रोग्राममधून दर ३० सेकंदांनी एक रिकामा ठोका पाठवायची सोय केली आणि तुटलंच तर टॅबलेटने आपोआप पुन्हा जोडायचीही.

फायरवॉलच्या फाइलमध्ये त्या परवानगीच्या ओळीवर मराठीत टीप लिहून ठेवली आहे. सुरक्षेची तपासणी करायला कुणीतरी येणार आणि त्याच्या यादीत "आयसीएमपी बंद करा" असणार, हे धरूनच. टीप अशी: पिंग बंद करायचं तर खुशाल करा, ही ओळ काढायची असेल तर आधी ती तात्पुरती काढून आणि राउटरवरची एमएसएसची सोय बंद करून शिरोलीच्या फायबरवरून डिस्पॅचची यादी उघडून बघा, आणि ती आली तरच कायमची काढा.